पैसा कोणाचा, शाळा कोणाची? मुंबई इलाख्यातील तीन तंत्रशाळांची कथा

१/
१८५६ साली मुंबईत ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी सुरू झाली. भांडवल मुंबईच्या व्यापाऱ्यांचे होते, कापूस या देशातला होता, हातही इथलेच होते. यंत्रे मात्र लँकेशायरहून आलेली होती, आणि त्यांचे मर्म जाणणारी माणसेही तिकडूनच आणावी लागत. चाती का अडली, बॉयलरचा दाब का उतरला, या प्रश्नांची उत्तरे इथे कोणत्याही शाळेत शिकवली जात नव्हती.

२/
अशी शाळा काढावी, हा विचार सुचणे अवघड नव्हते. त्यासाठी पैसा उभा करणे अवघड होते. पुढच्या सुमारे पन्नास वर्षांत मुंबई इलाख्यात तीन निरनिराळ्या थैल्यांतून तीन तंत्रसंस्था उभ्या राहिल्या: पहिली एका धनिकाच्या देणगीतून, दुसरी शहराच्या वर्गणीतून, आणि तिसरी लोकांच्या एकेका पैशातून. थैली बदलली तसा विद्यार्थी बदलला, शिक्षणाचा हेतूही बदलला. त्या तीन थैल्यांचा हा हिशेब.

३/
आधी सरकारी तिजोरीकडे पाहू. तंत्रशिक्षणावर सरकार खर्च करतच नव्हते, असे नाही. रुडकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ साली निघाले, ते गंगेच्या कालव्यासाठी माणसे हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते म्हणून. रस्ते, पूल आणि कालवे ही राज्यकर्त्यांची स्वतःची गरज होती. गिरणी, लोहारशाळा किंवा कुंभाराचे चाक यांचा तिच्याशी संबंध नव्हता.

४/
१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणखर्चाचे एक तत्त्व घालून दिले. लोकांनी पुढाकार घेऊन संस्था काढावी, सरकारने तिला अनुदानाची जोड द्यावी. कागदावर हे तत्त्व न्याय्य दिसते. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्या कामासाठी श्रीमंत माणूस पुढे येईल, त्याच कामाची शाळा निघेल. ज्या धंद्यात श्रीमंत माणूसच नाही, त्या धंद्याने वाट पाहावी.

५/
त्यात तंत्रशाळा ही साध्या शाळेहून कितीतरी महाग असते. व्याकरण शिकवायला फळा, खडू आणि मास्तर पुरतात. लोहारकाम शिकवायचे तर भट्टी हवी, कोळसा हवा, आणि विद्यार्थ्यांनी बिघडवण्यासाठी दररोज लोखंडही हवे. इंजिन शिकवायचे तर इंजिनच विकत घ्यावे लागते. इमारतीसाठी एकदा देणगी मिळते. कोळशासाठी दरवर्षी देणगी देणारा दाता सहसा सापडत नाही. उभारणीचा पैसा आणि चालवण्याचा पैसा, यांतील ही तफावत या कथेत पुनःपुन्हा दिसेल.

६/
पहिली थैली: सर जमशेदजी जीजीभाई (१७८३–१८५९). चीनशी चाललेल्या अफू आणि कापसाच्या व्यापारात त्यांनी अफाट संपत्ती मिळवली आणि तिचा मोठा भाग मुंबईतील लोकोपयोगी कामांना दिला. १८४२ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १८५१ साली लंडनमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरले. भारतातून गेलेल्या विणकामाची, धातुकामाची आणि कोरीवकामाची तेथे वाखाणणी झाली. त्याच प्रदर्शनात युरोपची यंत्रेही मांडलेली होती.

७/
त्या दोन दालनांतील अंतर जमशेदजींसारख्या व्यापाऱ्याच्या लक्षात न येते तरच नवल. हातातले कसब टिकवायचे असेल तर त्याला नव्या ज्ञानाची जोड हवी. १८५३ साली त्यांनी १ लाख रुपये देऊ केले. हेतू स्पष्ट होता: कला आणि उद्योग यांची सुधारणा व्हावी, आणि मध्यम व खालच्या वर्गांतील लोकांना उद्योगाची सवय लागावी. चित्रकला आणि शिल्पकलेबरोबर कुंभारकाम, धातुकाम आणि लाकडावरील कोरीवकामही त्यांच्या मनात होते. देणगीतून पाया घातला जावा आणि शाळा चालवण्याचा भार सरकारने उचलावा, अशी अपेक्षा होती.

८/
इतरत्रही अशीच धडपड चालू होती. मद्रासमध्ये अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने १८५० साली स्वखर्चाने कलाशाळा काढली होती. पुढे सरकारने ती आपल्याकडे घेतली. कलकत्त्यात एका संस्थेच्या पुढाकाराने १८५४ साली शाळा निघाली. मुंबईत देणगी हाती असूनही प्रत्यक्ष वर्ग भरायला मार्च १८५७ उजाडला. तोही एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने, आणि आरंभ झाला चित्ररेखनाच्या वर्गापासून. भट्टी, चाक आणि ऐरण यांना अजून थांबायचे होते.

९/
शाळा निघाली खरी, पण जिच्यासाठी ती काढली ती कारागिरांची मुले अपेक्षेप्रमाणे आली नाहीत. यामागची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. सोनाराचा, सुताराचा किंवा तांबटाचा मुलगा बापाच्या दुकानातच शिकत असे, आणि शिकता शिकता घरात चार पैसे आणत असे. त्याला शाळेत पाठवायचे म्हणजे ती मिळकत बुडवायची. शिवाय बापाच्या दुकानात जे येते, ते शाळेतला साहेब अधिक चांगले शिकवील, यावर त्याने विश्वास का ठेवावा? शाळेचा आराखडा करणाऱ्यांनी इमारतीचा आणि शिक्षकांचा विचार केला होता; विद्यार्थ्याच्या बुडणाऱ्या रोजीचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता.

१०/
१८६५ साली शाळेला नवे बळ मिळाले. जॉन ग्रिफिथ्स चित्र आणि सजावट, जॉन लॉकवुड किपलिंग मातीकाम व शिल्प, आणि हिगिन्स लोखंडी नक्षीकाम, असे तीन विभाग उभे राहिले. (याच शाळेच्या आवारात डिसेंबर १८६५ मध्ये किपलिंग यांचा मुलगा रुडयार्ड जन्मला.) काळही अनुकूल होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव मिळाला होता. किल्ल्याचे तट पाडले जात होते आणि नवे शहर आकार घेत होते.

११/
या नव्या शहराला नक्षीकाम करणारे हात हवे होते. क्रॉफर्ड मार्केटवरील उठावशिल्पे किपलिंग यांच्या हातची. १८७८ ते १८८८ या काळात बांधल्या गेलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी पानाफुलांत आणि पशुपक्ष्यांत या शाळेच्या विद्यार्थ्यांचे श्रम आहेत. ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. कामाचा दर्जा थोर होता. पण काम देणारा कोण होता? प्रामुख्याने सरकार, आणि सरकारच्या छायेतील संस्था.

१२/
देणगीदार १८५९ साली निवर्तले होते. १८६६ मध्ये सरकारने शाळेचा कारभार आपल्या हाती घेतला, १८७८ मध्ये तिला स्वतःची इमारत मिळाली. चालवण्याचा खर्च ज्याचा, दिशाही त्याची, हे ओघानेच आले. जमशेदजींनी कल्पिलेली उद्योगशाळा हळूहळू चित्रकार, शिल्पकार आणि चित्रकलेचे शिक्षक घडवणारी कलाशाळा झाली. १८९० च्या दशकाच्या आरंभी हस्तव्यवसायांसाठी ‘रे आर्ट वर्कशॉप्स’ या नावाने वेगळा विभाग काढावा लागला. मूळ हेतूचा विसर पडल्याची ती कबुलीच होती.

१३/
दुसरी थैली: गिरण्यांचे शहर. १८५६ मधील एका गिरणीच्या जागी तीस वर्षांत मुंबईत डझनावारी गिरण्यांची धुराडी उभी राहिली होती. पण मॅनेजर, स्पिनिंग मास्टर, वीव्हिंग मास्टर आणि इंजिनिअर या जागांवर मोठ्या संख्येने लँकेशायरची माणसे होती. त्यांचा पगार मोठा, प्रवासखर्च वेगळा, आणि करार संपला की त्यांचे ज्ञान बोटीत बसून परत जाई. गिरणीमालकांना तंत्रशिक्षणाची निकड भासू लागली ती येथून. तिच्यात देशप्रेम असेल. ताळेबंदातील बचतही निश्चितच होती.

१४/
या बाबतीत खुद्द इंग्लंडही निश्चिंत नव्हते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या तंत्रशाळा आपल्याला मागे टाकत आहेत, या भीतीने तेथे सॅम्युएल्सन आयोग नेमला गेला आणि १८८४ पर्यंत त्याचे काम चालले. ब्रिटनचा तंत्रशिक्षणाचा कायदा तर १८८९ सालचा. भारतात १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाला व्यवहारोपयोगी शाखा जोडावी, असे सुचवले. सूचना झाली, तिच्यामागे पैसा उभा राहिला नाही.

१५/
पैशाला निमित्त मिळाले ते एका निरोपाचे. स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार करणारे आणि देशी वृत्तपत्रांवरील जाचक कायदा रद्द करणारे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन डिसेंबर १८८४ मध्ये भारत सोडून गेले. मुंबईने त्यांना जो निरोप दिला, तसा त्यापूर्वी कोणत्याही व्हाइसरॉयच्या वाट्याला आला नव्हता. त्यांचे स्मारक करण्यासाठी निधी जमू लागला. पुतळ्याऐवजी तंत्रशिक्षणाची संस्था उभारावी, हा विचार पुढे आला. याला दाखलाही होता: लाहोरची कलाशाळा लॉर्ड मेयो यांच्या स्मारकनिधीतूनच उभी राहिली होती, आणि १८७५ साली किपलिंग मुंबई सोडून तिकडेच गेले होते.

१६/
वसाहतीत लोकहिताच्या कामासाठी पैसा उभारण्याचा हा एक खास मार्ग होता. ‘गिरणीत काम करणाऱ्यांसाठी शाळा हवी’ या आवाहनाला जितका प्रतिसाद मिळेल, त्याच्या कितीतरी पट ‘व्हाइसरॉयसाहेबांच्या स्मारकासाठी’ मिळे. वर्गणीदारांच्या यादीत नाव झळकणे म्हणजे दरबारी प्रतिष्ठा. संयोजकांनी ही नाडी अचूक ओळखली होती. तरीही केवळ स्मारकनिधीच्या बळावर इंजिने आणि माग घेऊन वर्षानुवर्षे संस्था चालवणे कठीण होते. आणखी एका मोठ्या निमित्ताची गरज होती.

१७/
ते निमित्त राणीने दिले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली म्हणून फेब्रुवारी १८८७ मध्ये भारतभर सुवर्णमहोत्सव साजरा झाला. १८८५ पासून मुंबईच्या गव्हर्नरपदी असलेले लॉर्ड रे तंत्रशिक्षणाचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या सरकारने १८८६ मध्येच इलाख्यासाठी तंत्रशिक्षणाची योजना मांडली होती. रिपन यांचे स्मारक, राणीचा महोत्सव आणि गव्हर्नरांची योजना हे तीन प्रवाह एकत्र आले आणि १८८७ साली ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ची स्थापना झाली.

१८/
जागेचा प्रश्न गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने सुटला. त्यांनी या कामासाठी आपली मौल्यवान मालमत्ता देऊ केली, आणि भायखळ्याची, पूर्वी एल्फिन्स्टन कॉलेजची असलेली वास्तू संस्थेला मिळाली. गिरणीमालकांची मदत, सरकारी अनुदान आणि नगरपालिकेचा हातभार यांवर खर्चाची घडी बसवण्यात आली. पहिल्या शाळेच्या अनुभवापेक्षा ही रचना पक्की होती. एक दाता गेला तरी संस्था उघडी पडू नये, अशी तिची बांधणी होती.

१९/
त्या काळच्या संस्थांची नावे म्हणजे हिशेबवहीची पानेच. मुख्य संस्थेला राणीचे नाव. यंत्रशाळेला पेटिट यांचे नाव. वस्त्रनिर्मितीच्या शाळेला रिपन यांचे नाव. कोणाच्या निमित्ताने वा कोणाच्या थैलीतून काय आले, ते फाटकावरच वाचता येई. ज्या कामगारांच्या श्रमावर गिरण्यांचा नफा, आणि त्या नफ्यावर या देणग्या उभ्या होत्या, त्यांची मात्र या पानांवर नोंद नव्हती.

२०/
अभ्यासक्रम पुस्तकी नव्हता. वाफेचे इंजिन व बॉयलर, यांत्रिक रेखन, ओतकाम, सुतारकाम, कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतची क्रमवार प्रक्रिया, हे सर्व कार्यशाळेत हाताने करून शिकायचे. गिरणीच्या यंत्रज्ञानात मुरलेले नवरोजी नसरवानजी वाडिया यांच्यासारखे जाणकार या संस्थेच्या उभारणीत गुंतले होते. कारखान्याला नेमके काय हवे, हे शाळेला विचारत बसावे लागले नाही. कारखानदारच शाळेच्या कारभारात होते.

२१/
हेच तिचे सामर्थ्य होते आणि हीच तिची मर्यादाही. शिक्षण इंग्रजीतून होते. म्हणजे प्रवेशद्वारापाशी पोहोचण्यापूर्वी मुलाने काही इयत्ता इंग्रजी शिकलेले असायला हवे. गिरणगावातील चाळीत राहणाऱ्या, बापाबरोबर पहाटे भोंग्याला धावणाऱ्या मुलाला ते शक्य नव्हते. आरंभीच्या काळात विद्यार्थ्यांत पारशी तरुणांचे प्रमाण ठळक होते. संस्थेतून साच्यावरचा कामगार घडणार नव्हता; साच्यावर देखरेख करणारा घडणार होता. गिरणीमालकांना हवा होता तोही हाच माणूस.

२२/
त्याचा परिणाम काय झाला? १८९५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील वरिष्ठ तांत्रिक व व्यवस्थापकीय जागांपैकी सुमारे ४२ टक्के जागा युरोपीयांकडे होत्या. १९२५ पर्यंत हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. तीस वर्षांत झालेला हा बदल लहान नाही. पण त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. मुंबईतच तंत्रशिक्षण घेतलेली एक अख्खी पिढी तयार झाल्यानंतरही चारांतील एकाहून अधिक खुर्च्या विलायतेसाठी राखलेल्याच राहिल्या.

२३/
या भिंतीचा अनुभव आलेला एक माणूस महाराष्ट्राच्या चांगला परिचयाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) १८८५ साली चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले. तेथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. रंग सुटले, पण यांत्रिक रेखनावरची हुकमत राहिली. तिच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. म्हणजे पहिल्या थैलीतील शाळेने घडवलेला माणूस दुसऱ्या थैलीतील शाळेत शिकवू लागला.

२४/
काही वर्षांनी बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग शेतीची अवजारे, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी. तंत्रशाळेचा आराखडा करणाऱ्यांनी हे मुळीच योजलेले नव्हते. त्यांना दुसऱ्याच्या कारखान्यातील पर्यवेक्षक हवा होता. त्यांच्या वर्गातून एक कारखानदार बाहेर पडला.

२५/
मुंबई इलाख्याला लागूनच एक वेगळा प्रयोग चालला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली ‘कलाभवन’ निघाले. त्याचे सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तंत्रज्ञान मातृभाषेतून शिकवले पाहिजे. राजाची तिजोरी पाठीशी असल्याने गिरणीमालकाच्या वा सरकारच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढचे दादासाहेब फाळके, जे. जे. कलाशाळेनंतर याच कलाभवनात शिकले. पण प्रत्येक प्रांताला सयाजीराव लाभत नव्हते.

२६/
तिसरी थैली: ज्यांच्याजवळ थैली नव्हती त्यांची. १८९० साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली. देशाला कारखानदारी हवी, तिला भांडवल हवे आणि प्रशिक्षित माणसेही हवीत, हा विचार मध्यमवर्गात रुजू लागला. १८९६ मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर लावला, तोही लँकेशायरच्या समाधानासाठी. आपल्या उद्योगाचे भले या तिजोरीतून होणार नाही, हे अनेकांना तेव्हा कळून चुकले.

२७/
अशा वेळी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक साधी कल्पना मांडली. प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. हाच ‘पैसा फंड’. लोकमान्य टिळकांनी तिला आपले बळ दिले. ही कल्पना किती धाडसी होती, ते अंकगणिताने कळते. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. जमशेदजींनी एकट्याने दिलेले १ लाख रुपये पैसा-पैशाने जमवायचे तर ६४ लाख माणसांपुढे हात पसरावा लागणार होता.

२८/
म्हणून पैसा फंडाचे काम पैशाइतकेच पायांचे होते. गावोगाव, जत्रांत, सभांत, दारोदार जाऊन नाणी गोळा करणे आणि प्रत्येक नाण्याचा हिशेब ठेवणे. मोठ्या देणगीदाराला भेटायला एक बंगला पुरतो. लहान देणगीदारांना भेटायला अख्खा मुलूख तुडवावा लागतो. या फेऱ्यांतून रक्कम सावकाश जमली, पण तिच्यासोबत एक गोष्ट मुकाट्याने गावोगाव पोहोचली: कारखाना ही आपलीही बाब आहे, ही जाणीव.

२९/
या निधीतून काच बनवण्याचे काम हाती घ्यायचे ठरले. काचेच्या बांगड्या, कंदिलाच्या चिमण्या आणि बाटल्या घरोघर लागत, आणि परदेशी मालाने बाजार भरलेला असे. स्वदेशीच्या चळवळीत हा सल अधिकच बोचू लागला. १९०८ साली मुंबई-पुणे लोहमार्गावरील तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काच बनवण्याचे शिक्षण परदेशात घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कामाची धुरा घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि पुढे त्यांची रवानगी मंडालेला झाली. भट्टी पेटतीच राहिली.

३०/
तळेगावची जागा कारखाना होती आणि शाळाही. काचकाम पुस्तकातून येत नाही. वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण सांगता येते; पण वितळलेला गोळा नळीच्या टोकावर घेऊन किती फुंकायचे, केव्हा फिरवायचे, केव्हा थांबायचे, हे भट्टीच्या धगीसमोर उभे राहूनच उमजते. येथे शिकलेल्या तरुणांनी हे कसब पुढे देशातील इतर काच कारखान्यांत नेले. भांडवल तोकडे आणि स्पर्धा परदेशी मालाशी, त्यामुळे कारखान्याची वाटचाल कधीच सोपी नव्हती. पण त्याचे खरे उत्पादन म्हणजे काच जाणणारी माणसे.

३१/
आता तिन्ही थैल्या शेजारी ठेवून पाहू. एका दात्याच्या थैलीतून शाळा लवकर उभी राहिली, पण दाता गेल्यावर चालवणाऱ्याने तिचा हेतू बदलला. गिरणीमालक, सरकार आणि नगरपालिका यांच्या थैलीतून भक्कम संस्था उभी राहिली. तिने मालकाला हवा तो माणूस घडवला आणि कामगाराच्या मुलासाठी दार अरुंद ठेवले. लोकांच्या पैशातून उभे राहिलेले काम सर्वांत लहान आणि सर्वांत अशक्त होते. मात्र काय शिकवायचे आणि कशासाठी, हे ठरवताना त्याला कोणाच्या दरबाराकडे पाहावे लागले नाही.

३२/
व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्याला गेली. १९९७ साली तिचे ‘वीरमाता जिजाबाई’ असे नामांतर झाले, ‘व्ही.जे.टी.आय.’ ही आद्याक्षरे तशीच राहिली. राणी फाटकावरून उतरली, रिपन आणि पेटिट यांची नावेही आजच्या विद्यार्थ्याला क्वचितच ठाऊक असतात. १८८७ साली त्या फाटकातून आत जाण्यासाठी इंग्रजी लागे आणि घरातील एका रोजीवर पाणी सोडण्याची ऐपत लागे. आज कोणत्याही नव्या तंत्रशाळेचा आराखडा समोर आला, तर इमारतीच्या चित्राआधी हेच दोन रकाने तपासून पाहावेत: चालू खर्च कोण देणार, आणि शिकणाऱ्या मुलाची बुडालेली रोजी कोण भरून देणार?